चौसष्टावा वासा

किस्से सांगायला बसलं की माझं लाकडाच्या थप्पीसारखं होतं. खालचा एक वासा ओढावा, आणि वरचे सगळे गडगडत अंगावर यावेत. काल ठाण्याच्या तलावपाळीवर बसलो होतो, तर कोणीतरी नव्या घराच्या छपराचा विषय काढला. झालं, माझी थप्पी सुटली. घरी यायला उशीर झाला म्हणून बायको रागावली ती वेगळीच.

तरुणपणी मी कल्याणला खाडीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होतो. मुरबाड-शहापूरच्या रानातून सागाचं लाकूड तिथे यायचं आणि तिथून होड्यांनी, गाड्यांनी गावोगाव जायचं. ती वखार आता राहिली नाही. पण कुठे ओल्या भुशाचा वास आला की मी अजून चालता चालता थांबतो.

आमच्या वखारीची एक रीत होती. गिऱ्हाइकाचे वासे एकाच थप्पीत रचायचे, आणि प्रत्येक थरात खालच्यापेक्षा बरोबर एक कमी. गोल वासा खालच्या दोन वाशांच्या मधल्या खाचेत बसतो, म्हणून हे आपोआप जमतं. अट एवढीच की वरचा थर पुरा व्हायला हवा. वर जागा रिकामी आणि एखादाच वासा उरलेला, असं चालायचं नाही. त्या उरलेल्याला आम्ही पोरका वासा म्हणत असू. पोरका वासा ज्या घरात जाईल त्या घराला तो धार्जिणा नाही, अशी समजूत होती.

ही रीत सांभाळायचा तो पास्कू मुकादम. ठाण्याजवळच्या बाळकुमचा ख्रिस्ती गृहस्थ, उंच, हाडापेराने मोठा, गळ्यात क्रूस. सोमवारी भरतीबरोबर होडीने यायचा, शनिवारी ओहोटीबरोबर रविवारच्या प्रार्थनेला घरी जायचा. अक्षर म्हणून त्याला एक येत नव्हतं. पण कुठलाही आकडा सांगा, तो खालचा थर किती मांडायचा ते लाकूड उचलायच्या आधी सांगायचा.

*

माझा पहिला दिवस. शेठ म्हणाले, "ती थप्पी मोजून तिच्यावर चुन्याने आकडा घाला." आमचे दाजीशेठ कमी बोलणारे, गादीवर बसून सगळं बघणारे.

मी नवा, हुशारी दाखवायची हौस. पगडी काढून ठेवली, धोतर खोचलं आणि एकेका वाशाच्या तोंडावर बोट ठेवत मोजायला लागलो. घामाघूम झालो. नव्व्याण्णव भरले.

पास्कू मुकादम शेजारून जाता जाता नुसता थांबला. "शंभर हाय ती," म्हणाला.

"मी एकेक मोजलाय, मुकादम."

"एकेक कशाला मोजायचा? खालचे सोला, वरचे नऊ. जोडी पंचवीसची. खालून दुसरा पंधरा, वरून दुसरा दहा, ती पन पंचवीसचीच. थर आठ, म्हंजे जोड्या चार. पंचवीस चोक किती?"

पंचवीस चोक शंभर हे मला पाठ होतं. पण माझं बोट खोटं बोलतं काय? मी हट्टाने पुन्हा मोजलं. पुन्हा नव्व्याण्णव!

पास्कू शांतपणे म्हणाला, "कारकून, तुझी पगडी उचल."

एका पुढे आलेल्या वाशाच्या तोंडावर मी ती मघाशी अडकवून ठेवली होती. पुढे दोन वर्षं हमाल मला बघितलं की आपलं डोकं चाचपत.

*

कल्याणच्या शाळेतले अण्णा मास्तर हे माझे स्नेही. गणिताचा त्यांना भारी अभिमान. मी पास्कूचं कौतुक सांगितलं तेव्हा ते पाटी-पेन्सिल घेऊन वखारीतच आले.

"शंभर वासे, पाच थर. कसे मांडाल?" मास्तरांनी विचारलं.

"पाचांत शंभर वाटले का वीस येतात. तो मधला थर. त्याचे खाली एकवीस, बावीस. वर एकोनीस, अठरा."

मास्तरांनी पाटीवर बेरीज केली. बरोबर शंभर. मग त्यांनी डोळे बारीक केले. "आता तेच शंभर चार थरांत मांडा."

"नाय बसत."

"का नाही बसत? चारांत शंभर वाटले की पंचवीस येतात. पूर्ण भाग जातो."

"भाग जातो म्हनूनच नाय बसत. पंचवीस हा मधला थर. चार थरांना मधला थर असतो कुठं, मास्तर? आठांत वाटून बगा, साडेबारा येतात. ते बसतं. बारा वर, तेरा खाली, मधी अर्ध्याची फट."

मास्तर भुशात मांडी घालून बसले. पाव पाटी पुसली, अर्धी पुसली, शेवटी उपरण्याने सगळी पुसली. उठताना त्यांनी अगदी आदराने विचारलं, "मुकादम, आपण हे कुठल्या शाळेत शिकलात?"

"लाकूड शिकवतं," पास्कू म्हणाला. "चुकलं का पायावर पडतं."

पुढे मास्तर वर्गात मुलांना हेच सांगत. फक्त लाकडाच्या जागी त्यांच्या हातात छडी असायची.

*

डोंबिवली तेव्हा अगदी लहान गाव. तिथले गोविंद म्हात्रे म्हणून एक शेतकरी घर बांधायला काढून आमच्याकडे आले. "बत्तीस वासे पायजेत."

पास्कू म्हणाला, "तेहतीस ने. नाय तर एकतीस ने."

"मना बत्तीसच पायजेत!"

"बत्तीस थप्पीत बसत नाय. एक पोरका होतो."

"अरे, घर माझा, छप्पर माझा, आनि वासे तू सांगनार?"

"छप्पर तुझा, थप्पी माझी," पास्कू म्हणाला आणि बिडी पेटवली.

म्हात्रे तडक गादीपाशी गेले. शेठनी दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने तेहतिसावा वासा आपल्याकडून घातला. गोविंदराव गाडीत बसले तेव्हासुद्धा तोंड फिरवून बसले होते.

वर्षभराने ते परत आले, हातात केळ्यांचा घड. मला वाटलं, आता गोठ्यासाठी लाकूड हवं असेल. ते सरळ पास्कूपाशी गेले. "मुकादम, बत्तीस छपराला लागले. सुतार बोलला, तेहतिसावा काय करू? पडवीत आडवा टाक, बोललो."

"मंग?"

"पाळना टांगलाय त्याला. बारा वर्सांनी पोर झाला."

पास्कूने घड घेतला नाही आधी. त्याने हात धुतले, मग घेतला.

*

हा बत्तीसचा काय घोळ, ते मात्र मला चैन पडू देईना. घरी मी जमिनीवर चिंचोक्यांचे थर मांडायला लागलो. बत्तीस बसेना. सोळा बसेना. आठ बसेना, चार बसेना. चौसष्टाने तर अंत पाहिला. बाकी तेरा म्हणू नका, सत्तावीस म्हणू नका, सगळे बसत. सत्तावीसला तर नुसते तेरा आणि चौदा मांडले की काम भागतं.

मी जेवण सोडून चिंचोके मांडतोय हे पाहून बायकोने आईला सांगितलं, आईने शेजारणीला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या गेल्या. मी एकही चिंचोका हलू दिला नाही.

शेवटी पास्कूलाच शरण गेलो. त्याने होडीची दोरी घेतली आणि दुमडली. "किती पदर?"

"दोन."

पुन्हा दुमडली. चार. पुन्हा. आठ. पुन्हा. सोळा. पुढे दोरी मुठीत मावेना. "हे दुमडीचे आकडे," तो म्हणाला. "दुमडीचा आकडा थप्पीत बसत नाय. माझ्या बापाने मना सांगितलं, मी तुला सांगितलं."

का बसत नाही ते अण्णा मास्तरांनी मागाहून काढलं. थप्पीत एकतर थर विषम असतात, नाहीतर खालच्या-वरच्या थरांची जोडी विषम असते. पास्कूची ती पंचवीसची जोडी तशीच. म्हणजे आकड्यात कुठेतरी विषमाचा भाग जायलाच हवा. दुमडीच्या आकड्यात दोनाशिवाय काही नसतंच, मग विषम येणार कुठून? मास्तरांनी ते मला कागदावर लिहून दिलं. तो कागद हरवला. दोरी मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

*

आता जरा अवघड गोष्ट सांगतो.

माझ्या नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की पास्कू थप्पीपाशी गेला की वहाणा काढतो. मला वाटलं, लाकडाला मान देत असेल. एकदा नीट पाहिलं. तो खालच्या थराच्या तोंडांवरून पायाचा अंगठा फिरवत चालला होता. एक, दोन, तीन. मोजत होता.

मग बाकीचंही दिसायला लागलं. धर्मा म्हणून आमचा जुना हमाल होता. तो पास्कूजवळ जाताना उगाच खोकायचा. दुसरे हमाल ओझं उचलताना आपापलं नाव घेऊन ओरडायचे. मला वाटायचं, जोर यावा म्हणून. वाटेत आडवं लाकूड पडलेलं त्या वखारीत कधी दिसायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मोजायला ठेवलेल्या कारकुनाला तेवढं माहीत नव्हतं.

खाडीच्या कठड्यावर मी त्याला विचारलं, "किती दिवस झाले, मुकादम?"

"दोन वर्सं. सावल्या दिसतात तेवढ्या." मग म्हणाला, "शेठला नको सांगू. घरी बायको नाय, पोरगी वसईला दिली. इथं माझे पायाला सगला ठावं हाय. घरी बसलो का मेलो मी."

मी कोणाला सांगणार होतो? दुसऱ्या दिवसापासून मीही खोकायला लागलो. घरी आईने अडुळशाचा काढा सुरू केला, तोही मी महिनाभर निमूट प्यालो.

*

त्याच सुमाराला दाजीशेठांचा मुलगा मोरेश्वर मुंबईहून मॅट्रिक होऊन आला. कोट, इंग्रजी बूट, सगळा थाट. मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याला जगात सगळीकडे सुधारणा करायची होती, आणि सुरुवात वखारीपासून.

ते बूट मात्र विलक्षण करकरायचे. फाटकाशी आले की आत खाडीपर्यंत ऐकू यायचे. शेठ वैतागून म्हणत, "मोरू, मोची बोलावून त्या बुटांना तेल पाज रे बाबा."

बूट करकरले की पास्कू फाटकाकडे वळून सलाम करायचा. मोरेश्वर अजून पंचवीस पावलांवर असायचा. एक दिवस तो वडिलांना म्हणाला, "मुकादम अक्षरशत्रू आहेत, त्यांच्या जागी लिहिता-वाचता माणूस हवा, हे माझं मत कायम आहे. पण नजर म्हणाल तर घारीची!"

धर्माला तेव्हा खरा खोकला लागला.

*

आता शेवटचा.

मोरेश्वराने ठाण्याला स्वतःचं घर बांधायला काढलं. एका सकाळी आला, फाटकाच्या खांबापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मुकादम, माझ्या घराला चौसष्ट वासे. संध्याकाळपर्यंत एका थप्पीत रचून ठेवा. उद्या गाड्या येतील."

"पासष्ट ने, धाकटे शेठ."

"सुताराने चौसष्ट सांगितलेत."

"चौसष्ट नाय बसत."

मोरेश्वर हसला. "शंभर बसतात, सत्तावीस बसतात, आणि चौसष्ट बसत नाहीत? मुकादम, तुमचं वय झालंय. ठीक आहे, मी रचून दाखवतो. रचली, तर उद्यापासून तुम्ही बाळकुमला जाऊन आराम करायचा. कबूल?"

शेठ गादीवरून सगळं बघत होते. चौसष्ट बसत नाहीत हे मला माहीत होतं. मी तोंड उघडणार तोच पास्कूने माझं मनगट दाबलं. "कबूल," तो म्हणाला आणि आपल्या ओंडक्यावर जाऊन बसला.

चौसष्टाची मला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. आज दिवसभर सगळ्या वखारीचे डोळे पास्कूवर राहणार होते. एक ठेच लागली असती, एक हात भलतीकडे गेला असता, तरी संपलं असतं.

मोरेश्वराने खाली तेरा मांडायला लावले. तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ, आठ. सहा थर झाले आणि खाली एक वासा उरला. सगळं उतरवलं. खाली बावीस मांडले. बावीस, एकवीस, वीस. खाली एक वासा उरला. दुपारी त्याने कोट काढून फाटकाच्या खांबाला अडकवला, बूट त्याच्या बुडाशी ठेवले आणि अनवाणी स्वतः थप्पीवर चढला. बारा मांडले. सात थर चढले, वरचा सहाचा. खाली एक वासा उरला.

कोणी हसलं नाही, हे आमच्या हमालांचं मला अजून कौतुक वाटतं.

उन्हं खाडीवर कलली तेव्हा शेवटचा डाव झाला. खाली अकरा, आणि चढत चढत वर तीन. नऊ थर. खाली एकच वासा. त्याच्या हाताला फोड आले होते. थप्पीवरून उतरून तो खाडीच्या बाजूला उभा राहिला, त्या उरलेल्या वाशाकडे बघत.

पास्कू उठला. वहाणा काढल्या, थप्पीपाशी गेला आणि अंगठा फिरवत खालच्या थरावरून चालला. "अकरा," म्हणाला. "धर्मा, वर किती?"

"तीन."

"मंग वरती दोघांची जागा हाय. एक खाली हाय ना? त्याला जोडीदार आन."

धर्माने आणखी एक वासा आणला. दोघे वर गेले. तिघांच्या खाचांत दोन वासे अलगद बसले. पासष्ट. आमच्या वखारीत त्याहून देखणी थप्पी मी पाहिली नाही.

पास्कूने हात झटकले. मग तो वळला तो फाटकाकडे, सकाळी बूट जिथे करकरले होते तिकडे. खांबावरच्या कोटासमोर उभा राहिला आणि वाकून सलाम केला. "धाकटे शेठ," तो कोटाला म्हणाला, "तुमचे घराला पोरका वासा नाय दिला मी. आता जा बोललात तर जातो."

धर्माने खोकायला तोंड उघडलं, पण खोकला बाहेर येईना. खाडीच्या बाजूला मोरेश्वर तसाच उभा होता. तो पास्कूच्या पाठीकडे बघत होता, मग कोटाकडे, मग पास्कूच्या अनवाणी पायांकडे.

आणि तो चालू लागला. भुशावरून, पाऊल न वाजवता, पास्कूला वळसा घालून. खांबाशी गेला, कोटाला पाठ लावून उभा राहिला. श्वास खाली बसू दिला, आणि मग बोलला.

"कुठे जाता, मुकादम? उद्या गाड्या यायच्यात. त्या तुम्हीच भरून द्यायच्या."

"जी, धाकटे शेठ," पास्कू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलेला मोची तेलाची वाटी घेऊन फाटकाशी येऊन बसला. मोरेश्वर आला, त्याच्याकडे पाहिलं, आणि करकरत आत निघून गेला. जाता जाता मला म्हणाला, "त्याला परत पाठवा, कारकून. बूट असेच बरे आहेत."